चढावरचं हळदीकुंकू

जानेवारी महिना रत्नागिरीत कुणाला आवडत नाही? पाऊस नाही, घामाच्या धारा नाहीत, आंब्याला मोहोर आलेला, आणि संध्याकाळ झाली की दारोदारच्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून हळदीकुंकवाला निघालेल्या. दीपाली शिवगणला मात्र हा महिना कधी एकदा सरतो असं व्हायचं. कोर्टाजवळचं आपलं झेरॉक्सचं दुकान ती त्या दिवसांत उशिरापर्यंत उघडं ठेवायची. गिऱ्हाईक असो की नसो.

तिचा नवरा विनोद पाच वर्षांपूर्वी गेला. जेवून हात धुवायला उठला आणि बेसिनपाशीच कोसळला. त्यानंतर दीपालीला कुणी वाईट वागवलं म्हणाल, तर मुळीच नाही. जाऊबाई मैना तर पाठच्या बहिणीसारखी. फक्त संक्रांत आली की तिचा आवाज मऊ व्हायचा. "दीपा, तुझं वाण मी घरीच पाठवते हं. तू कशाला दगदग करतेस?" दगदग म्हणे! समोरच्या इमारतीचे दोन जिने चढायचे, त्याची दगदग. एकदा दीपाली हट्टाने गेलीसुद्धा, तर तिला स्वयंपाकघरात मसाला दूध गाळायला बसवलं. बाहेर अत्तराचा घमघमाट, हसणंखिदळणं, आणि ही आत गाळणी घेऊन. भांडायचं तरी कुणाशी? सगळ्यांनी तिला अगदी मायेने बाजूला केलं होतं. मायेने बाजूला केलेल्या माणसाला तक्रारही करता येत नाही.

आता सायकलचं सांगतो. ती मूळ विनोदची. पोट कमी करायचं म्हणून त्याने चांगली गिअरची सायकल घेतली आणि दोन रविवार चालवली. दोन्ही रविवारी भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन, मिसळ हाणून परत आला. पोट होतं तिथून थोडं पुढेच गेलं. पुढे तो गेला आणि सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. लेक सानवी शिकायला पुण्याला निघाली तेव्हा म्हणाली, "आई, एक तर ही विक, नाहीतर चालव. येता-जाता बघून रडायला ती काय फोटो आहे?" पोरगी तोंडाची फटकळ, पण बोलली ते खोटं नव्हतं. दीपालीने विकायचं ठरवलं.

विकत घ्यायला आला अक्रम. राजिवड्याचा, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा, आणि सायकलचं अतोनात वेड असलेला. त्याने साखळी फिरवून बघितली, ब्रेक दाबून बघितले, मग सीट खाली-वर केली आणि दीपालीला म्हणाला, "ताई, जरा बसून दाखवा." ती बसली. तो मागे सरकून बघत राहिला. "ही विकू नका. तुमच्याच मापाची आहे." गिऱ्हाईक म्हणून आलेला माणूस गुरू होऊन बसला तो असा. पुढच्या रविवारी सकाळी तो दारात हजर, आणि हातात बायकोने, हफीजाने, दिलेली खजुराची पुडी.

कोकणात सपाट रस्ता फक्त नकाशात असतो. पहिले सहा महिने दीपाली प्रत्येक चढाला उतरायची आणि सायकलशी मनातल्या मनात भांडत ढकलत वर न्यायची. अक्रम वर जाऊन थांबलेला असायचा. "काय घाई नाय, ताई. समुद्र कुठे पळून जात नाय." आणि खरंच, आरे-वारेच्या वळणावर ती पहिल्यांदा न उतरता पोचली तेव्हा समुद्र तिथेच होता, खाली सगळा पसरलेला, आणि तिचं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की तिला हसूच आलं. किती दिवसांनी ते धडधडणं भीतीचं नव्हतं.

मग ती पळायलाही लागली. आधी दहा किलोमीटर, मग एकवीस. त्या एकवीस किलोमीटरमध्ये तिला सत्तरीचे एक निवृत्त मास्तर गाठून पुढे गेले, वर जाता जाता "चालू द्या, चालू द्या, छान" असं म्हणूनही गेले. दीपालीला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. तिला मुळी त्या पहाटेच आवडायच्या. शंभर-दोनशे माणसं अंधारात जमलेली, कुणी मांड्या चोळतंय, कुणी तिसऱ्यांदा शौचालयाच्या रांगेत. डॉक्टर, डंपरवाला, बँकेतल्या मॅडम, सगळे सारख्याच तंग कपड्यांत आणि सारखेच विनोदी दिसणारे. तिथे कुणी विचारत नाही की तुम्ही कोणाच्या कोण. विचारतात ते एवढंच: चढाला उतरलात का, पेटके आले का, आणि शेवटी खायला काय आहे?

वर्षभर दीपाली कैलासवासी विनोद शिवगणांची पत्नी असायची. सायकलवर ती नुसती एकशे अठरा असायची. छातीवर नंबर, डोक्याला हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा. मागून बघणाऱ्याला बाई की बुवा हेही कळू नये. एवढ्याशा सुटकेसाठी ती आठवडाभर दुकानात उभी राहूनही रविवारी पहाटे उठायची. बाकी सगळं जाऊ दे, ही एक जागा तेवढी कुणी घेऊ नये, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

यंदाची 'सागरी शंभर' ऐन जानेवारीत आली, संक्रांत आणि रथसप्तमीच्या मधल्या रविवारी. शंभर किलोमीटरची सायकल-फेरी. रत्नागिरीहून भाटे, पावस, पूर्णगड करत आडिवऱ्याच्या पुढे जायचं आणि त्याच रस्त्याने परत. वेळेची मर्यादा होती, पण कनवाळू. गेल्या वर्षी दीपालीने ती कशीबशी गाठली होती, तीही परतीच्या वाटेवर तळेकोंडच्या चढाला तीनदा उतरून. हा चढ म्हणजे पूर्णगडची खाडी ओलांडली की लगेच उरावर येणारा, वळणावळणाचा, आणि दुपारच्या उन्हात सावली अगदी नावाला. स्थानिक लोक त्याला नुसतं 'घाटी' म्हणतात आणि म्हणताना कमरेवर हात ठेवतात.

त्या चढाच्या माथ्यावर, जिथे कातळाचा मोकळा, सपाट सडा सुरू होतो, तिथे आयोजकांनी तळेकोंडच्या वाडीला विनंती केली होती की स्वारांना पाणी आणि केळी द्या. साधी गोष्ट. पण वाडीची बैठक बसली आणि साधी गोष्ट साधी राहिली नाही. त्याच दिवशी वाडीच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू. बायकांनी सरळ हिशेब मांडला: पुण्यामुंबईकडच्या लेकीसुना आपल्या दारातून जाणार, त्याही संक्रांतीच्या महिन्यात, आणि आपण त्यांच्या हातावर केळं टेकवायचं? वाडीची अब्रू राहील का? तेव्हा हळदीकुंकूच उचलून रस्त्यावर आणायचं ठरलं. मांडव घातला, तिळगूळ केला, वाण म्हणून प्लास्टिकच्या चाळण्या आणल्या. सायकलवरून येणाऱ्या प्रत्येक बाईची ओटी भरायची. हेल्मेटखाली कोण कशी असेल, हा विचार कुणाच्या डोक्यातही आला नाही. दारात आलेली बाई ती बाई, तिला रिकामी पाठवायची नाही, एवढंच त्यांना ठाऊक.

दीपालीला ह्यातलं काही माहीत नव्हतं; सकाळी जाताना माथ्यावर काहीच नव्हतं. ती खाली खाडीपाशी होती आणि चढ सुरू झाला होता. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर, आंब्यापाशी, गेल्या वर्षी ती उतरली होती. यंदा तिने तिकडे बघितलंच नाही. हलक्या गिअरवर पाय फिरत होते, सायकल मुंगीच्या पावलाने सरकत होती. घाम नाकावरून टपटपत होता. कडेला काजूची झाडं, लाल धूळ, आणि तिचाच श्वास. तिसरं वळण, चौथं. मांड्या पेटल्या होत्या आणि तरी ती खुशीत होती. ह्या पायांनी आयुष्यभर तक्रार न करता जिने चढले, दुकानात दिवस दिवस उभे राहिले, आणि आता चाळिशी उलटून गेल्यावर हे करतायत! बाबांनो, तुमचे उपकार कसे फेडू, असं ती खरोखरच पायांना म्हणाली. आणि पाय एकदाही न टेकता माथ्यावर आली.

आली आणि बघते तर काय, मांडव, झेंडूच्या माळा, आणि टाळ्या वाजवणाऱ्या वीसेक बायका! पुढच्या दोघी स्वार मुली खिदळत बाहेर पडत होत्या, कपाळाला हळदीकुंकू, हँडलला चाळणी लटकवलेली. पदर नाही म्हणून त्यांनी हेल्मेट पुढे करून ओटी घेतली होती आणि आता तांदूळ पिशवीत ओतताना निम्मे रस्त्यावर सांडत होते. अक्रम आधीच पोचला होता आणि कडेला उभा राहून केळं सोलत होता. दीपालीला बघून त्याचं केळं हातातच राहिलं.

"येवा, येवा! अगो, ही बग, ही पन बाईच हाय!" कुणीतरी ओरडलं. कुणी सायकल धरली, कुणी पाण्याचा पेला दिला. हिरव्या साडीतली एक कोवळी सून तबक घेऊन पुढे आली. "टोपी काढा ना, ताई."

"ताई, उशीर होतोय, चला," अक्रम घाईघाईने म्हणाला. बिचाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही.

दीपालीने हेल्मेट काढलं, चष्मा काढला. सुनेने करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. सायकल चालवताना मंगळसूत्र कुणीच घालत नाही, कपाळ सगळ्यांचंच घामाने धुतलेलं. एक बोट पुढे येईल आणि झालं. आणि खरं सांगायचं तर तिला ते हवं होतं. पाच वर्षं, दर जानेवारीत, तिला ते हवं होतं. पण ही माणसं मनापासून काही करत होती, त्यांच्या तबकाला फसवून घ्यायचं तिला जमेना. बोट अगदी कपाळापाशी आलं आणि तिने मान मागे घेतली.

"मला नको, गं," ती म्हणाली. "माझे मिस्टर नाहीत."

टाळ्या थांबल्या. त्या पोरीचं बोट तसंच हवेत. आता ते कुठे न्यावं हे तिला कळेना. ती एकदा सासूकडे बघे, एकदा तबकाकडे. कुणाच्याच चेहऱ्यावर वाईट काही नव्हतं. उलट सगळ्यांचे डोळे कळवळले होते. "अगो बाय माजी," एक प्रौढ बाई मऊ आवाजात म्हणाली, "मग तिला केळा द्या, केळा."

तोच मऊ आवाज. दीपालीने तो ओळखला. शहर सोडून सत्तर किलोमीटर सायकल मारून ती इथे आली होती, आणि तो आवाज इथे आधीच येऊन बसला होता. म्हणजे रस्ताही गेला, तिच्या मनात आलं. आता पुढच्या वर्षी इथून जाताना ती एकशे अठरा नसणार.

मांडवाच्या टोकाला, केळ्यांच्या घडांशेजारी एक म्हातारी पाय पसरून बसली होती. तिला सगळे चिमाकाकी म्हणत होते. तिने शेजारचं गोणपाट थापटलं. "बस गो हितं. मी पन तुज्याच पंगतीतली. मना पन केळ्यांवरच बसवलानी हाय."

दीपाली बसली. काकीने केळं सोलून दिलं, अगदी लहान मुलाला देतात तसं. मग तिच्या पायांकडे, सायकलकडे आणि खाली घाटीकडे बघून विचारलं, "खालनं वर येताना उतरलीस काय गो?"

"नाही."

"अजाबात नाय? त्या आंब्याच्या वळनावर पन?"

"नाही, काकी. गेल्या वर्षी उतरले होते. यंदा एकदाही पाय टेकला नाही."

"हे गेल्यावर मी चार पोरां वाडवलंय," काकी म्हणाली, "ह्याच घाटीनं डोक्यावर कवळाचं, झाडपाल्याचं भारं आनून. जलम गेला. पन त्या वळनावर बसल्याबिगर मी कदी वर आलंय नाय. कोनच येत नाय." आणि ती हात टेकून उठली. गुडघे कडकडा वाजले. साडीला हात पुसत ती थेट तबकांच्या टेबलाशी गेली आणि ओंजळीत तांदूळ घेतले.

"चिमाकाकी, तुमी?" कुणीतरी दचकून म्हणालं.

"मी नाय तर कोन? तुमी सगळ्या खांबासारक्या उब्या हाव!" काकीचा आवाज मऊ वगैरे काही नव्हता, चांगला खणखणीत होता. "वाडीत बाई आली. घाटी चडून आली, पाय न टेकता आली. तिला केळा देऊन वाटेला लावलाव तर आज रातीला मना झोप यायची नाय. घोव नाय तर नाय. घाटी काय घोवानं चडलान? धर गो ती टोपी!"

दीपालीने हेल्मेट धरलं. काकीने तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला, वर अबोलीचा गजरा. मग कुंकवाचा करंडा उचलला. किती वर्षांत तिने त्याला हात लावला नव्हता. अंदाजच राहिला नव्हता. बोटभर पुरतं तिथे तिने चांगली चिमूट भरून घेतली आणि दीपालीच्या ओल्या कपाळावर अंगठ्याने दाबून, भुवयांपासून केसांपर्यंत, असं काही लावलं की बघणाऱ्याने थक्क व्हावं.

दोघीतिघी मान फिरवून उभ्या राहिल्या, हेही सांगायला हवं. ती केळं द्या म्हणणारी बाई मात्र डोळ्यांना पदर लावून पुढे आली. आणि हिरव्या साडीतल्या पोरीने कुणालाही न विचारता आपलं ते भरलेलं बोट काकीच्या कपाळाला टेकवलं.

"अगो, माज्या कपाळावर जागा कुटं हाय? सगळ्या सुरकुत्याच," काकी म्हणाली. पण मान मागे घेतली नाही.

दीपाली वाकून तिच्या पाया पडली. "काकी..." मग ती रडली, उघड उघड, सगळ्यांसमोर. काकीने तिच्या पाठीवर एक धपाटा घातला. "रडतंस काय? पुडं जा. तुजी शर्यत हाय ना?"

तांदळाची पिशवी पाठीवर बांधली, नारळ जर्सीच्या मागच्या खिशात गेला. अक्रम म्हणाला, "ताई, नारळ मी घेतो, वजन होईल."

"नको. माझा मी नेते."

"न्या मग. पण गोळपच्या चढाला मागे पडलात तर नारळाला शिव्या द्यायच्या नाहीत." तो नाक ओढत हसला. त्याचेही डोळे लाल होते. तो म्हणाला धूळ गेली.

पुढचे तीस किलोमीटर दीपाली कशी आली हे तिलाच नीट सांगता येणार नाही. नारळ कमरेवर आपटत होता, पावसच्या बागांची सावली आली आणि गेली, ऊन टाळूवर होतं. ती ज्याची त्याची मनातल्या मनात आभारी होत चालली होती. मिसळ खायला सायकल घेणाऱ्या नवऱ्याची, सायकल विकत न घेणाऱ्या अक्रमची, हफीजाच्या खजुराची, सानवीच्या फटकळ तोंडाची, आणि त्या म्हातारीची, जिने तिला तिचं नाव विचारलं नव्हतं, नवऱ्याचंही नाही, फक्त चढाला उतरलीस का एवढंच विचारलं होतं. गोळपचा चढ ती चढली. घाम डोळ्यांत जात होता, चष्म्याखालून गालावर ओघळत होता, आणि तिला तो पुसावासा वाटला नाही.

वेळ संपायला थोडाच अवधी असताना ती कमानीखालून आत आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मधेच थांबवल्या. प्रथमोपचाराच्या टेबलावरून एक तरुण डॉक्टर मुलगी धावतच आली, हातात कापसाचा बोळा. "काकू, खाली बसा! हलू नका! डोक्याला लागलंय तुमच्या. कुठे पडलात?"

दीपालीने गालाला हात लावला. बोटं लालभडक. हेल्मेटच्या पट्ट्यापासून हनुवटीपर्यंत, जर्सीच्या गळ्यापर्यंत लाल ओघळ.

"पडले नाही गं," दीपाली म्हणाली. "कुंकू आहे."

मुलीचा जीव भांड्यात पडला. "अहो, घाबरवलंत की! थांबा, पुसून देते." तिने कापूस पाण्यात भिजवला आणि कपाळाकडे नेला.

दीपालीने तिचा हात वरच्यावर धरला.

"पुसू नकोस," ती म्हणाली. "मला असंच घरी जायचंय."